अंगणात एकच गाडी

सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. मांडीवर रेघी वही आणि हातात ह्यांचं घड्याळ घेऊन मी अॅम्बॅसिडरच्या पुढच्या सीटवर बसले होते. उजवीकडे चाकामागं मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि डावीकडे खिडकीची काच धरून उभ्या सासूबाई. त्या काही काच सोडेनात.

"गप्प बसू नकोस गं," त्या मला म्हणाल्या. "वाटेत बोलत राहा ह्यांच्याशी."

"तिला परीक्षा घ्यायला बसवलंय, गप्पा मारायला नाही," मामंजी म्हणाले. "हात काढ."

त्यांनी हात काढला. मी वहीत निघाल्याची वेळ लिहिली आणि गाडी गल्लीतून बाहेर पडली. वळताना मागं पाहिलं तर सासूबाई अजून दारातच होत्या, पदराचं टोक मुठीत आवळून. मला वाटलं, चार मैलांचा घाट चढायचा, त्यात एवढं काय?

ही एक्क्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट, वाईतली. आम्ही शेटे, हळदीचे अडते. मामंजींचं नाव महादेवअप्पा, वय तेव्हा एकाहत्तर. नाकावर माशी बसू देत नसत. त्यांची अॅम्बॅसिडर अडुसष्ट सालची. तिच्या डिकीतून इतकी वर्षं हळदीची पोती गेली होती की पांढरं पातळ नेसून मागं बसलं तर उतरताना ते पिवळं झालेलं असायचं. ह्यांची फियाट चौऱ्याहत्तरची. एका डॉक्टरांकडून घेतलेली, फिकट निळी, नीटनेटकी. बापलेकांचं एरवी सगळं छान होतं, पण जेवायला बसले की ह्या दोन गाड्यांवरून जुंपायची. मामंजी फियाटला काडेपेटी म्हणत, हे अॅम्बॅसिडरला म्हैस म्हणत. वर्षानुवर्षं चाललेलं, आमटीसारखंच रोजचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आमच्या अंगणाची पुढची बारा फूट जागा गेली. राहिली ती एका गाडीपुरती. गल्ली इतकी अरुंद की तिथं गाडी लावली तर शेजाऱ्यांची बैलगाडी अडायची. एक गाडी जाणार, हे ठरलं. कुठली, ते ठरेना. आठ दिवस घरात धड कोणी जेवलं नाही. शेवटी हे म्हणाले, परीक्षा घेऊ, जी जिंकेल ती राहील. मामंजी लगेच तयार झाले. परीक्षक म्हणून मला नेमलं, कारण मी हायस्कुलात गणित शिकवायचे, मला गाडी चालवता येत नव्हती, आणि अर्ध्या मार्कासाठी पोरं रडली तरी मी मार्क बदलत नसे, हे साऱ्या वाईला ठाऊक होतं.

वहीत मी पाच रकाने आखले. गार इंजिन सुरू व्हायला किती झटके लागतात, तिथं फियाटला मार्क. लिटरमागं फियाट चौदा किलोमीटर गेली, अॅम्बॅसिडर नऊ. तिथंही फियाट. माणसं आणि सामान किती मावतं? फियाटमध्ये पाचजण बसलो तेव्हा माझा गुडघा माझ्याच हनुवटीला लागला. अॅम्बॅसिडरमध्ये सातजण बसून वर दोन पोती गेली, आणि खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी हललं नाही. तो मार्क तिचा. चौथी परीक्षा अंगणात गाडी उलटी आणायची. फियाट लहान, ती सहज येईल असं सगळ्यांना वाटलेलं, पण ह्यांनी घाईत तुळशीच्या कट्ट्याला धडक दिली. मामंजींच्या वेळी सासूबाई नेहमीप्रमाणं मागं उभ्या राहिल्या आणि ओरडायला लागल्या. या, या, अजून या, उजवीकडे, बास. मामंजी आतून "कळतंय मला, गप्प बस" असं खेकसत होते, आणि गाडी मात्र रांगोळी काढल्यासारखी रेषेत आली. दोन-दोन मार्क झाले. राहिला घाट.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट. शनिवारी ह्यांनी फियाट नेली, मी शेजारी. हे असे धावत सुटले की खालच्या गिअरवर येण्याचं नावच घेईनात, आणि शेवटच्या वळणाआधी पाणी उकळून बॉनेटमधून वाफा. दोष गाडीचा नव्हता, घाई ह्यांची. थांबून, निववून, पाणी घालून वर पोचायला एकूण बत्तीस मिनिटं. आता अॅम्बॅसिडरनं त्याहून कमी वेळात, न उकळता घाट चढला की झालं.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण मामंजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की अॅम्बॅसिडर गेली तर ते दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या चाकाला हात लावणार नाहीत. अडत ह्यांच्याकडे दिल्यापासून त्या माणसाला दुसरं काम उरलं नव्हतं. गाडी पुसायची, सकाळी माझ्या सात वर्षांच्या उमाला शाळेत सोडायचं, आठवड्याच्या बाजारातून भाजी आणायची. गाडी गेली की हा माणूस ओट्यावर बसून संपणार, हे मला दिसत होतं.

आणि तरी मनातून मला ती गाडी जायला हवी होती. दोन महिन्यांत फाटकाला दोनदा पत्रा घासला होता. उमा रोज त्या गाडीत असे, माझा जीव टांगणीला लागे. मी ह्यांना म्हटलं, मामंजींचं वय झालं. हे हसले. म्हणाले, आई शेजारी बसून अखंड कटकट करते, त्यात अप्पांचं लक्ष उडतं, दुसरं काही नाही. तेही खोटं नव्हतं. सासूबाई गाडीत बसल्या की त्यांचं तोंड मिटतच नसे. हळू घ्या, सायकल आली, म्हातारी आहे, डावीकडे. आम्ही सगळे त्यावरून त्यांची थट्टा करायचो, उमासुद्धा नक्कल करायची. म्हणून ह्यांनी अट घातली की घाटात आई बसणार नाही. आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्या एका शब्दात हो म्हणाल्या. उमा आजोबांबरोबर जाते म्हणून रडायला लागली, तर तिलाही त्यांनीच थांबवून घेतलं. रविवार आहे, हिचं डोकं धुवायचंय म्हणाल्या.

हे पावणेसातलाच फियाट घेऊन पुढं गेले होते. वर, घाट संपतो तिथं, दांडेघरच्या नाक्यावर उभे राहून इंजिन किती तापलंय ते बघणार होते.

पसरणी गाव मागं पडलं आणि घाट लागला. मामंजींनी दुसरा गिअर टाकला. गाडी गुरगुरत, एका लयीत चढायला लागली. खरंच सांगते, त्या गाडीचा त्या क्षणी मलाही अभिमान वाटला. फियाट काल ह्याच चढावर धापा टाकत होती, ही आपली निवांत. मी एक डोळा घड्याळावर आणि एक बॉनेटवर ठेवून वाफ दिसते का बघत होते.

"बोल की काहीतरी," मामंजी म्हणाले. "शाळेत तर तुझा आवाज नदीपलीकडं जातो म्हणे."

मी म्हटलं, वेळ मोजतेय. त्यांनी पुन्हा म्हटलं, काय काय दिसतंय सांग की. मला नवल वाटलं. ह्या घाटातून हा माणूस हजार वेळा गेला असेल, त्याला मी काय दाखवायचं? मी आपली हं-हं करत राहिले.

दुसऱ्या वळणावर वरून एक दूधवाला सायकलवर आला, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. तो आम्हाला अगदी चाटून गेला. मामंजींनी ना भोंगा वाजवला, ना मान हलवली. मला वाटलं, दिसला असेल, अंदाज असतो त्यांना. पुढं सरळ रस्ता होता. डाव्या कडेनं तीन बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन चालल्या होत्या. गाडी त्यांच्याकडं सरकत गेली. सरकत गेली आणि सरकतच राहिली. शेवटची बाई मोळीसकट गटारात उडी मारून वाचली आणि तिनं आम्हाला अशी शिवी हासडली की मी लाजले.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

"अहो, त्या बायका."

"कुठल्या बायका?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, अगदी सरळ, पापणी न हलवता. कपाळावर घाम आला होता. जानेवारीतली सकाळ, मी शाल घेतलेली, आणि ह्या माणसाला घाम. वही मांडीवरून खाली गेली ती मी उचलली नाही.

तेवढ्यात वरच्या वळणावरून एसटी आली. मामंजी बायकांच्या आरडाओरड्यानं बिचकून आता रस्त्याच्या मधोमध आले होते. एसटीचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि मामंजी तो भोंगा कुठून येतोय हे कानांनी शोधत होते. मान थोडी तिरकी करून, घरात काहीतरी पडल्याचा आवाज ऐकावा तशी.

"मामंजी, डावीकडे," मी ओरडले. "एसटी आहे. डावीकडे घ्या. अजून. अजून."

त्यांनी चाक फिरवलं. एसटी आमच्या आरशापासून वीतभर अंतरावरून खाली गेली.

"बास?" त्यांनी विचारलं.

"बास," मी म्हटलं.

हे एवढंसं बोलणं मी रोज ऐकत होते. अंगणातून, गल्लीतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यावर हसतही होते.

गाडी थांबवा, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणणारही होते. पण थांबायला जागा नव्हती. मागं एक मालट्रक लागलेला, डावीकडे तुटका कठडा आणि खाली दरी. शिवाय, का ते मला आजही नीट सांगता यायचं नाही, त्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी वहीवर पाय ठेवला, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि बोलायला लागले. पुढं उजवं वळण आहे. आता वळा. अजून. सरळ करा. समोर रिकामं आहे. जीप येतेय, डावीकडे. माकडं आहेत, हळू. कठडा जवळ आला, थोडं उजवीकडे. एक शब्द चुकला तर आम्ही दोघं खाली धोम धरणाच्या पाण्यात, हे मला स्पष्ट दिसत होतं. उमाचं ओलं डोकं डोळ्यांसमोर येत होतं.

सासूबाईंवर जे एवढे खेकसायचे, ते मामंजी माझ्यावर एकदाही खेकसले नाहीत. नुसतं विचारायचे, "पुढं?"

आणि गाडी चढत राहिली. न उकळता, न अडखळता. कधी गाडी चांगली म्हणून देवाचे आभार मानावेत, कधी त्याच गाडीला शिव्या द्याव्यात असं मला होत होतं.

दांडेघरच्या नाक्यावर हे फियाटला टेकून उभे होते. मी सांगितलं तिथं मामंजींनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मी घड्याळ पाहिलं. एकोणतीस मिनिटं. ह्यांनी धावत येऊन बॉनेटवर तळहात ठेवला, मग बॉनेट उघडून कान लावला. वाफेचा लवलेश नव्हता. वेळ न विचारताच ह्यांचा चेहरा उतरला, पण माणूस दिलदार.

"अप्पा, मानलं तुम्हाला," हे म्हणाले. "माझी विकायला काढतो."

मामंजी चाकावर हात ठेवून बसून होते. मला वाटलं, आता मला बोलावं लागणार. नवऱ्याला सगळं सांगावं लागणार, इथं, नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, पन्नास माणसांत. मी तोंड उघडलं.

"शरयू, वहीत लिही," मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाणी उकळलं. दोनदा थांबावं लागलं."

ह्यांना कळेना. बॉनेट तर फारसं तापलेलं नाही, हे म्हणाले.

"गार पाणी ओतलं म्हणून. आत्ताच, खालच्या वळणावर." मामंजींचा आवाज अगदी रोजचा होता. "म्हातारी झाली रे गाडी. कळतं आपल्याला."

हे माझ्याकडे बघायला लागले. परीक्षक मी होते. मी वाकून वही उचलली, तिच्यावरची धूळ पुसली. ह्यांचं घड्याळ माझ्याच हातात, आणि आम्ही कधी निघालो हे ह्यांना माहीत नव्हतं. मी निघाल्याच्या वेळेतल्या बावीसचे दोन केले. अठरा वर्षांच्या नोकरीत मी कोणाचा आकडा खोडला नव्हता.

"एकोणपन्नास मिनिटं," मी म्हटलं. "दोनदा थांबलो. मी पाहिलं."

मामंजींनी किल्ली काढून ह्यांच्या हातात दिली. म्हणाले, उतारावर तू चालव, माझी कंबर धरलीय, तुझी काडेपेटी दुपारच्या एसटीनं येऊन घेऊन जा. आणि दार चाचपत उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेलं मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं. सबंध घाट उतरेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हे मात्र खुशीत होते. दाखवत नव्हते, पण शीळ घालत होते. मला त्या शिळेचा इतका राग आला की काय सांगू.

सासूबाई दारातच होत्या. मामंजी मागच्या दारानं उतरले हे त्यांनी पाहिलं आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

"किती दिवस झाले आई?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. दिवाळीला दोन वर्षं झाली, म्हणाल्या. काचबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की समोरचं दिसेल, कडेचं हळूहळू जात राहील, आणि गेलेलं परत येणार नाही. आता समोरचंही चिमूटभरच उरलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मामंजी एवढंच बोलले की घरात कोणाला कळता कामा नये. त्यावर पुन्हा दोघांत कधी शब्द झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गाडीत बोलायला लागल्या आणि मामंजी त्यांच्यावर खेकसायला लागले, म्हणजे कोणाला संशय नको.

"आणि माझी उमा रोज त्या गाडीत?" माझा आवाज चढला.

"मी होते ना."

"आणि आज? आज उमाला घरी ठेवून घेतलंत. मला पाठवलंत."

त्यांनी मुठीतलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "हो. पाठवलं."

मला काही झालं असतं तर, मी विचारलं. माझ्या पोरीला कोणाच्या पदरात घातलं असतंत?

"तुम्ही गेल्यापासून त्या दारात उभी आहे. थुंकीसुद्धा गिळली नाही," त्या म्हणाल्या. "काय करू शरयू? मला सांगवत नव्हतं आणि त्यांना सोडवत नव्हतं. शिवाला पाठवलं असतं तर त्यानं घाटातच बापाच्या हातून चाक ओढून घेतलं असतं. मग त्यांनी ह्या घरात तोंड वर केलं नसतं. तुझा आवाज मोठा आहे. आणि तू घाबरून गप्प बसणाऱ्यातली नाहीस."

ह्याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं, मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ह्यांना मी मामंजी असेपर्यंत काही सांगितलं नाही.

पण त्या सकाळी मी दाराकडे वळले तेव्हा बाहेर हे उमाला गाडीचं पाणी उकळल्याचं सांगत होते. सासूबाईंनी मला हाक मारली.

"वर पोचल्यावर पाणी उकळलं असं कोण म्हणालं? तू?"

"नाही. मामंजीच म्हणाले. मी बोलायच्या आधीच. उकळलं काहीच नव्हतं, गाडी जिंकली होती."

त्यांनी ओट्याचा आधार घेतला. "मला वाटलं होतं, तू त्यांना अर्ध्या वाटेतून परत आणशील," त्या म्हणाल्या. "हरलेले असे आणशील. तू वर नेलंस गं. जिंकलेली गाडी त्यांनी आपल्या हातानं सोडली."

मग त्या तिथंच खाली बसल्या आणि दोन वर्षांचं रडल्या. मी गॅस बारीक केला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.